पस्तिशीत बीडीएस

वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये जन्मवर्ष १९८८ किंवा १९९१ निवडलं, तरी आता काही अडत नाही. फॉर्म निमूट पुढच्या पानावर जातो. ही सोय मात्र फार जुनी नाही. २०१७ साली खुल्या प्रवर्गासाठी २५ आणि राखीव प्रवर्गांसाठी ३० वर्षांची कमाल मर्यादा घातली गेली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये ती उचलून धरली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पंचविशीपुढच्यांना अंतिम निकालाच्या अधीन राहून परीक्षेला बसू दिलं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑक्टोबर २०२१च्या बैठकीत ही मर्यादा काढायचं ठरवलं आणि मार्च २०२२मध्ये तसं कळवलं. आता उरली आहे ती फक्त किमान वयाची अट, १७ पूर्ण असण्याची. परीक्षा किती वेळा द्यायची यालाही बंधन नाही.

नियमातून वय गेलं, पण माणसाबरोबर ते पुढे चालत राहतं. कधी दाखल्यांच्या फायलीत आडवं येतं, कधी घरखर्चात, कधी थेट डोळ्यांत आणि बोटांत. पस्तिशीत बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी, घेऊन डेंटिस्ट व्हायचं ठरवणाऱ्याला वेड्यात काढणारेही भेटतात आणि पाठ थोपटणारेही. नेमकं कुठे अडेल आणि तिथे काय करायचं, हे सांगणारे कमी भेटतात. म्हणून हा लेख.

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. इंटरनेटवर या विषयावर जे सल्ले वाचायला मिळतात, त्यातले बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथे डेंटल स्कूलला पदवीच्या अभ्यासानंतर जातात, निबंध लिहितात, मुलाखत देतात, दवाखान्यात बसून काम पाहिल्याचे तास दाखवतात. उशिरा आलेल्या माणसाचा अनुभव तिथे अर्जात मांडता येतो. आपल्याकडे तसं काही नाही. दहा वर्षं नर्सिंग केलेली बाई आणि कालपरवा बारावी झालेला मुलगा एकाच रँकच्या यादीत उभे असतात. आधीच्या बी.एससी., बी.फार्म. किंवा नर्सिंगच्या पदवीमुळे बीडीएसचं एखादं वर्ष वाचतही नाही, सगळ्यांना पहिल्या वर्षापासूनच बसावं लागतं. तुमच्या समजूतदारपणाला, लोकांशी बोलण्याच्या सवयीला इथे गुण आहेत. पण ते पुढे, रुग्णाच्या खुर्चीपाशी मिळतात. प्रवेशाच्या दारात मिळत नाहीत. हे आधीच मनाशी पक्कं केलं तर पुष्कळ मनस्ताप वाचतो.

परीक्षेबद्दल थोडक्यात. २०२५पासून १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. भौतिक ४५, रसायन ४५, जीवशास्त्र ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. निम्मे गुण जीवशास्त्राचे असल्यामुळे मोठ्या वयाचे विद्यार्थी त्याच्यावरच सगळा भार टाकतात आणि भौतिकशास्त्र ‘जमेल तेवढं’ म्हणून ठेवून देतात. ही चूक महागात पडते. जीवशास्त्रात सगळ्यांनाच चांगले गुण असतात, रँक खाली-वर होते ती उरलेल्या ३६० गुणांत. नोकरी सांभाळून रोज अडीच तास आणि रविवारचा अर्धा दिवस मिळणार असेल, तर दोन वर्षं धरून चालावीत आणि त्यातल्या पहिल्या सहामाहीचा मोठा वाटा भौतिकला द्यावा. वेग, बल, विद्युत, प्रकाश यांची गणितं हातानेच सोडवावी लागतात, वाचून येत नाहीत.

जुन्या नोट्सवर मात्र विसंबू नये. बालभारतीची अकरावीची पुस्तकं २०१९ला आणि बारावीची २०२०ला बदलली. नीटचा पाया एनसीईआरटीची पुस्तकं आहेत आणि त्याचाही अभ्यासक्रम अलीकडे कमी-जास्त झाला आहे. त्या वर्षीचा अधिकृत अभ्यासक्रम छापून भिंतीला लावावा आणि त्याच्या बाहेरचं काहीही वाचू नये. मोठ्या माणसाला कुतूहलापायी वाहवत जायची सवय असते, ती परीक्षा होईपर्यंत आवरावी लागते.

वजा गुणांची भीतीही वयाबरोबर वाढलेली दिसते. मुलं बिनधास्त गोळे काळे करतात, मोठी माणसं प्रश्न सोडून देतात. हिशेब करून पाहा. चार पर्यायांतला एकही माहीत नसताना अंदाज केला, तर सरासरी पाव गुण मिळतो, जात काही नाही. एक पर्याय नक्की चुकीचा आहे एवढं कळलं तर सरासरी दोन तृतीयांश गुण मिळतो. म्हणजे एक-दोन पर्याय खोडता येत असतील तर उत्तर लिहिलंच पाहिजे. आणखी एक गोष्ट सरावाची. हा पेपर दुपारी २ ते ५ असतो, मेच्या उन्हात. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत पहाटे पाचला डोकं कितीही चालत असलं, तरी दुपारच्या जेवणानंतर ते चालतं का हे पाहायला शेवटचे दोन महिने दर रविवारी त्याच वेळेला पूर्ण पेपर सोडवावा. ओएमआर उत्तरपत्रिकेवरचे गोळे पान संपलं की त्याच वेळी भरावेत. शेवटी एकदम भरायला ठेवले की एका ओळीची घसरगुंडी होते आणि पुढचं सगळं चुकतं.

मराठी माध्यमातल्यांना मराठी प्रश्नपत्रिका घेता येते. ती इंग्रजीसह द्विभाषिक असते आणि भाषांतरात घोळ असेल तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात. त्यामुळे संज्ञा दोन्ही भाषांत पाठ हव्यात. बीडीएसचं शिक्षण इंग्रजीतच आहे, तेव्हा ही मेहनत वाया जात नाही.

आता कागद. प्रवेश हुकण्याचं कारण मोठ्या वयाच्या उमेदवारांच्या बाबतीत पुष्कळदा गुण नसतं, कागद असतो. म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पहिला कागद बारावीची गुणपत्रिका. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात. प्रत्येक विषयात वेगळे ५० टक्के लागत नाहीत. ६८, ४२ आणि ६१ असे शंभरपैकी गुण असतील तर १७१ भागिले ३००, म्हणजे ५७ टक्के, चालतात. तिन्ही विषय आणि इंग्रजीत उत्तीर्ण मात्र हवं. पुण्यात खरी अडचण आहे ती जीवशास्त्र सोडून इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्सचं बायफोकल, म्हणजे व्यवसाय विषय, घेतलेल्यांची. इंजिनीअर झालेला मोठा वर्ग त्यात येतो. बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून जीवशास्त्र दिलं तर चालेल, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३मध्ये जाहीर केलं. पण हा आयोग एमबीबीएसचा. बीडीएसची पात्रता त्या वर्षीच्या नीटच्या माहितीपुस्तिकेत आणि राज्याचे प्रवेश पाहणाऱ्या सीईटी सेलच्या पुस्तिकेत शब्दशः वाचावी, शंका असेल तर लेखी विचारावं, आणि मगच दोन वर्षं अभ्यासाला घालावीत.

दुसरी गोष्ट नावाची. नीटच्या फॉर्ममधलं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळलं पाहिजे. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईच्या घरात तीन नावं नांदत असतात. दहावी-बारावीला माहेरचं, आधारवर सासरचं, पदवीला कधी हे तर कधी ते. फॉर्म माहेरच्या नावाने भरावा आणि विवाह नोंदणी दाखला व शक्य असेल तर राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी हाताशी ठेवावी. जातीचा दाखला माहेरच्या नावाचा, वडिलांच्या नोंदींवरून असतो. पडताळणीच्या टेबलावर हे सगळं एकाच माणसाचं आहे हे सिद्ध करावं लागतं. तिथे बोलून भागत नाही, दुवा जोडणारा कागदच लागतो.

जात वैधता प्रमाणपत्र हा तिसरा अडथळा. पहिल्या पदवीला ते कधी लागलंच नसेल, तर जिल्हा जात पडताळणी समितीकडचं काम महिन्यांचं असतं. ते परीक्षेच्या वर्षी नाही, आदल्या वर्षी सुरू करावं. नॉन क्रिमी लेयरची मुदत पाहावी, ती ३१ मार्चला संपलेली असते आणि ते कळतं जुलैत. प्रवर्गाचा आणखी एक घोळ असा, की नीटच्या फॉर्ममध्ये ओबीसी म्हणजे केंद्राच्या यादीतले ओबीसी. राज्यात एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) असलेला उमेदवार केंद्राच्या यादीत नसेल, तर नीटला ओबीसी लिहून चालत नाही. राज्याच्या फॉर्ममध्ये आपला राज्यातला प्रवर्ग वेगळा नोंदवायचा असतो.

उरलेली फाईल अशी: वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र, जे आपले सरकारच्या पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून मिळतं, शाळा सोडल्याचा दाखला, आणि पदवी झाली असेल तर शेवटच्या कॉलेजचा दाखलाही, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून आलेल्याला मायग्रेशन प्रमाणपत्र, कारण पुढचं विद्यापीठ नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ किंवा एखादं अभिमत असणार, ठरलेल्या नमुन्यातलं वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, आणि गॅपचं, म्हणजे शिक्षणात पडलेल्या खंडाचं, प्रतिज्ञापत्र. मोठ्या वयाच्या माणसाचं गॅपचं प्रतिज्ञापत्र चार ओळींत संपत नाही. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत काय केलं, कुठे नोकरी केली, आणि सध्या दुसऱ्या कोणत्याही पूर्णवेळ अभ्यासक्रमाला नाव नाही, हे सलग, मध्ये एकही महिना न सोडता लिहावं. पंधरा वर्षांपूर्वीचा शाळेचा दाखला फाटला असेल तर दुसरी प्रत काढायला शाळेला रजिस्टर शोधावं लागतं, आणि मे महिन्यात शाळा बंद असते. म्हणून हे काम दिवाळीनंतरच उरकावं. मूळ कागद प्रवेशाला कॉलेजात जमा होतात, तेव्हा प्रत्येकाच्या चार साक्षांकित प्रती आणि स्वच्छ स्कॅन आधी करून ठेवावेत.

महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातल्या ८५ टक्के जागांसाठी साधारणपणे अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. पुण्यात पंधरा वर्षं राहून, इथेच घर घेऊन, इथेच मतदान करणाऱ्या, पण बारावी बेळगावला किंवा इंदूरला झालेल्या माणसाला हे सगळ्यात उशिरा कळतं आणि सगळ्यात जास्त लागतं.

पुण्याची गंमत अशी की इथे बीडीएसचं सरकारी कॉलेज नाही. महाराष्ट्रातली जुनी सरकारी डेंटल कॉलेजं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला, शिवाय मुंबईत महापालिकेचं नायर. संसार पुण्यात असलेल्या माणसाने इथेच शिकायचं म्हटलं, तर खासगी किंवा अभिमत एवढेच पर्याय. आणि त्यांची दारं वेगळी आहेत. वडगाव बुद्रुकचं सिंहगड डेंटल कॉलेज किंवा कॅम्पातल्या आझम कॅम्पसमधलं एम. ए. रंगूनवाला ही आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली, त्यांचे प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या (कॅप) फेऱ्यांतून. रंगूनवाला अल्पसंख्याक संस्था असल्याने तिथल्या जागांची वाटणी वेगळी. धनकवडीचं भारती विद्यापीठ आणि पिंपरीत संत तुकारामनगरला असलेलं डॉ. डी. वाय. पाटील ही अभिमत, त्यांचे प्रवेश दिल्लीच्या एमसीसी या केंद्रीय प्रवेश समितीमार्फत. पुण्यातल्या पुण्यात राहायचं म्हणून ज्याने फक्त राज्याचा फॉर्म भरला, त्याने ही दोन्ही कॉलेजं न बघताच सोडली. एकाच समूहाच्या सारख्या नावांच्या कॉलेजांनाही वेगवेगळे मार्ग असू शकतात, म्हणून पसंतीक्रम भरताना नाव नाही, कोड वाचावा.

एमसीसीकडे नुसतं नाव नोंदवायलाही पैसे अडकतात. २०२५च्या फेरीत अभिमत विद्यापीठांसाठी ५ हजार नोंदणी शुल्क आणि २ लाख रुपये अनामत होती. पहिल्या फेरीत जागा मिळाली आणि घेतली नाही तर अनामत वाचते. दुसऱ्या फेरीत मिळालेली सोडली तर ती जाते. त्यापुढच्या फेऱ्यांत तर पुढे भाग घ्यायलाच अपात्र ठरण्यापर्यंत मजल जाते. तेव्हा ज्या कॉलेजाची फी आपल्याला झेपणारच नाही, ते ‘बघू तरी’ म्हणून यादीत घालू नये. राज्याच्या फेरीत जागा घेतल्यावर ‘स्टेटस रिटेन्शन’ नावाचा फॉर्म असतो. मिळालेलं कॉलेज पक्कं हवं असेल तर तो भरायचा. नाही भरला तर पुढच्या फेरीत वरच्या पसंतीचं कॉलेज मिळताच आधीची जागा आपोआप जाते. घराजवळ वडगावचं मिळालं होतं आणि यादीत वर नागपूर लिहून ठेवलं होतं, तर बाडबिस्तरा घेऊन नागपूर गाठावं लागेल. पसंतीक्रम एकट्याने भरू नये. घरातल्यांना शेजारी बसवून, प्रत्येक नावावर ‘इथे मिळालं तर खरंच जाणार का’ हे विचारून भरावा.

नोकरीचा पेच मात्र कोणत्याच माहितीपुस्तिकेत नसतो. जागा जाहीर झाल्यावर कॉलेजात हजर व्हायला मोजके दिवस मिळतात. हिंजवडीत किंवा खराडीत नोकरी असेल तर नोटीस ६० किंवा ९० दिवसांची. निकालाआधी राजीनामा देणं वेडेपणा, आणि जागा मिळाल्यावर दिला तर मुक्तीपत्र मिळेपर्यंत पहिली सत्र परीक्षा येते. यातून मार्ग म्हणजे नियुक्तीपत्रातलं नोटीसचं कलम आधी वाचणं, नोटीसऐवजी पैसे भरून सुटता येतं का ते मनुष्यबळ विभागाला विचारणं, आणि साठलेली रजा ऑगस्ट ते ऑक्टोबरसाठी राखून ठेवणं. सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असेल तर परीक्षेला बसण्यापूर्वीच ना हरकत प्रमाणपत्र. बीडीएस पूर्णवेळ आहे. ७५ टक्के हजेरी व्याख्यानांना आणि प्रात्यक्षिकांना वेगवेगळी मोजतात. अर्धवेळ नोकरी जमेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पैशाचा हिशेब कागदावर करावा. शिक्षण चार वर्षांचं आणि सक्तीची आंतरवासिता (इंटर्नशिप) एक वर्ष. पाच वर्षं पगार नाही, शिवाय फी, शिवाय हत्यारांचे संच, मेण, दात, ॲक्रिलिक, जर्नलं. राज्याच्या कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजवार बघता येते. अभिमत विद्यापीठं त्यांच्या कक्षेत येत नाहीत. शैक्षणिक कर्जाला सरकारी बँकांत साधारणपणे साडेसात लाखांच्या पुढे तारण लागतं. परतफेड शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होऊन पंधरा वर्षं चालू शकते. म्हणजे पस्तिशीत घेतलेलं कर्ज छप्पन्नाव्या वर्षापर्यंत. व्याजावर प्राप्तिकरात आठ वर्षं वजावट मिळते, पण फक्त जुनी करपद्धती निवडली तर. मुलींसाठी जुलै २०२४च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी विद्यार्थिनींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं, अभिमत विद्यापीठं वगळून. आपल्या बाबतीत तो कसा लागू होतो, हे फी भरण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती कक्षात विचारावं.

ज्यांना खरं तर एमबीबीएसच हवं होतं आणि रँक कमी आली म्हणून बीडीएसकडे वळताय, त्यांनी थांबावं असं मला मनापासून वाटतं. अठराव्या वर्षी घेतलेल्या तडजोडीशी जुळवून घ्यायला आयुष्य असतं. पस्तिशीत घरच्यांच्या पाच वर्षांच्या ओढाताणीवर घेतलेली तडजोड फार बोचते. आणि ज्यांना दातांचं काम आवडतं पण पाच वर्षं शक्यच नाहीत, त्यांच्यासाठी दोन वर्षांचे डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिकचे अभ्यासक्रम आहेत. त्यांची नोंदणी १९४८च्या दंतवैद्यक कायद्यापासून आहे. तो मार्ग कमी प्रतीचा मानू नये. चांगल्या कवळीमागे निम्मी मेहनत लॅबमधल्या मेकॅनिकची असते.

आता हात. बीडीएसमध्ये पहिल्या दोन वर्षांत मोठ्या वयाचा विद्यार्थी सगळ्यात जास्त गांगरतो तो इथे, कारण पाठांतर त्याला नवं नसतं, हे नवं असतं.

पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचे. वरचा मधला पटाशीचा दात घ्या: दिसणारा भाग १०.५ मिमी, मूळ १३, रुंदी ८.५, पुढून मागे जाडी ७. आधी ठोकळ्याच्या दर्शनी बाजूवर बाह्यरेषा आखायची आणि त्या रेषेपर्यंत आरपार कापायचं. मग बाजूच्या पृष्ठावर दुसरी बाह्यरेषा, पुन्हा कापायचं. या दोन्ही कापण्या होईपर्यंत कडा चौकोनीच राहिल्या पाहिजेत. कोपरे गोल करणं सगळ्यात शेवटी. घाईत आधी गोलाई आणली की दाताचा सगळ्यात फुगीर भाग कुठे होता तेच हरवतं, आणि मेण परत लावता येत नाही. हिरडीपाशीची रेषा सरळ नसते. मधल्या बाजूला ती चावायच्या कडेकडे ३.५ मिमी वळते, बाहेरच्या बाजूला २.५. हा एक मिलिमीटरचा फरक परीक्षक पहिल्यांदा पाहतात. डिसेंबरच्या सकाळी पुण्यातल्या गारठ्यात मेण ठिसूळ होतं, लेक्रॉन हे कोरायचं हत्यार लावलं की टवका उडतो. ठोकळा थोडा वेळ मुठीत धरावा. एप्रिलमध्ये उलट, बोटांचे ठसे उमटतात. अशा वेळी दोन ठोकळे आलटून पालटून वापरावेत.

प्लास्टर कालवणं स्वयंपाक येणाऱ्यालाही चकवतं, कारण तिथे अंदाज चालतो, इथे नाही. १०० ग्रॅम प्लास्टरला साधारण ५० मिली पाणी, डेंटल स्टोनला ३०. आधी पाणी, मग त्यात भुकटी हळूहळू. उलट केलं तर कोरड्या भुकटीत हवा अडकून बुडबुडे राहतात आणि नेमका एखादा बुडबुडा दाताच्या टोकाशी येतो. पातळ झालं तर ओतायला सोपं वाटतं, पण साचा कच्चा राहतो आणि ठशातून काढताना दात मोडतो. ठसा घ्यायच्या अल्जिनेटचं गणित पाण्याच्या तापमानावर. पाणी कोमट असेल तर ते लवकर घट्ट होतं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी इतकं तापलेलं असतं, की ट्रे तोंडात जाण्याआधीच मिश्रण आवळतं. विद्यार्थी भुकटीला दोष देतात. माठातलं पाणी घ्यावं, दोष निघून जातो. ठसा बाहेर आल्यावर ओल्या कापडात गुंडाळून लवकरात लवकर ओतावा. उघडा राहिला तर पाणी सुटून आकसतो, पाण्यात बुडवून ठेवला तर फुगतो. कवळी सैल होण्याचं मूळ कधी कधी या पंधरा मिनिटांत असतं.

आणि डोळे. चाळिशी लागणं हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याइतका कोणाला लागू नसेल. चष्मा करताना फक्त ‘वाचायला’ सांगू नये. खुर्चीवर ताठ बसून डोळ्यापासून फँटम हेडच्या, म्हणजे सरावाच्या कृत्रिम डोक्याच्या, दातापर्यंतचं अंतर मोजावं, बहुतेकांचं ३५ ते ४५ सेंटिमीटर भरतं, आणि तेच चष्मेवाल्याला सांगावं. नाहीतर दिसावं म्हणून माणूस वाकत जातो आणि वर्षभरात मान धरते. अडीच पट मोठं दाखवणारे लूप्स उपयोगी असतात, पण ते आपल्या बाहुल्यांमधल्या आणि कामाच्या अंतराला बेतलेले लागतात. सीनियरचे स्वस्तात मिळाले म्हणून घेऊ नयेत. वरच्या दाढा आरशातच पाहून कोराव्या लागतात, हात डावीकडे हलवला की प्रतिमा वेगळीकडेच सरकते. इथे वर्षानुवर्षं आरशात बघून गाडी मागे घेतलेल्या माणसाला थोडं सोपं जातं.

परीक्षेत अडखळलं तर किती सवड आहे हेही माहीत असावं. आंतरवासिता धरून ९ वर्षांत बीडीएस पूर्ण व्हायला हवं. शेवटच्या वर्षाला आठ विषय असतात आणि प्रत्येकाचा रुग्णांचा कोटा, म्हणजे पूर्ण करायची ठरावीक कामं. राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा २०२३ साली झाला, त्यात पदवीच्या शेवटी देशपातळीवरच्या एका परीक्षेची तरतूद आहे. आज प्रवेश घेणाऱ्याने ती आपल्याला द्यावी लागेल असं धरूनच चालावं.

कोट्यामध्ये मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याचं वय पहिल्यांदा त्याच्या बाजूने उभं राहतं. पांढरे केस पाहून रुग्ण त्याला सर समजतो. त्याला लगेच सांगावं, की मी विद्यार्थी आहे, काम मी करेन आणि सर तपासतील. बहुतेक रुग्ण हो म्हणतात, आणि खरं सांगितलेलं असल्यामुळे पुढच्या तारखेलाही येतात. दात काढायचे रुग्ण रोज मिळतात, पूर्ण कवळीचा रुग्ण टिकवावा लागतो. प्राथमिक ठसा, मग खास ट्रे करून दुसरा ठसा, मग जबड्यांचा संबंध, मग मेणात दात लावून चाचणी, मग कवळी देणं, अशा निदान पाच भेटी. सासवड किंवा मुळशीकडच्या आजी पेरणीच्या दिवसांत येत नाहीत, आणि पालख्या पुण्यात असताना रस्तेच बंद असतात. म्हणून कवळीचा रुग्ण वर्षाच्या सुरुवातीलाच धरावा, सत्राच्या शेवटी नाही.

लस याआधीच झालेली हवी. हेपॅटायटिस बीचे तीन डोस, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांत रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी. आकडा १० किंवा त्याहून जास्त यायला हवा. वय वाढलं की लशीचा प्रतिसाद कमी येऊ शकतो, त्यामुळे ही तपासणी मोठ्यांनी टाळू नये.

हे सगळं करायचं की नाही, हे ठरवण्याआधी जवळच्या डेंटिस्टला विनंती करून एका पूर्ण कवळीच्या पाचही भेटी कोपऱ्यात उभं राहून पाहाव्यात. ठशाच्या वेळी रुग्णाला येणारी उबळ, ॲक्रिलिकचा उग्र वास, तासभर अवघडलेली मान, सगळं दिसतं. चौथी भेट विशेष नीट पाहावी. दात अजून मेणात असतात, चूक सुधारता येते. डॉक्टर आजींना एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट असं सत्तरपर्यंत मोजायला सांगतात. ‘स’ म्हणताना वरचे आणि खालचे दात अगदी जवळ यावेत, पण लागू नयेत. चौसष्टला टक् असा बारीक आवाज आला, तर दात उंच बसलेत. मग खालची ओळ काढायची, मेण तापवायचं, आणि आजींना पुन्हा एकसष्टपासून सुरू करायला सांगायचं.